ग्रास कटरची दोरी ओढण्याआधी

मृगाच्या सरी पडून पंधरवडा झाला की बाळकुमला दोन आवाज बरोबरच सुरू होतात, बेडकांचा आणि ग्रास कटरचा. सोसायट्यांच्या आवारातली हिरवळ पोटरीपर्यंत येते, पाड्यातल्या घरांमागे टाकळा माजतो, आणि कशेळी पुलापलीकडे भिवंडी तालुक्यात ज्यांची भातशेती टिकून आहे त्यांचे बांध गवतात बुडतात. दिवाळीपासून कोपऱ्यात पडलेले यंत्र मग बाहेर निघते. फजिती सुरू होते ती इथूनच.

सगळ्यात नेहमीची फजिती बटणाची. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, शेजारी येऊन हात आजमावतात, कुणी प्लग काढून पुसतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की बटण 'बंद'वरच आहे. तोवर चोक लावून इतक्या वेळा दोरी ओढलेली असते की प्लग पेट्रोलने भिजून जातो आणि बटण सुरू करूनही यंत्र दाद देत नाही. थंड यंत्राला चोक लावून तीन-चार झटके पुरतात. इंजिन एकदा फुरफुरले की चोक काढून पुढचा झटका द्यावा.

खर्चात पाडणारी चूक मात्र इंधनाची असते, आणि ती बहुधा उसन्या यंत्रावर होते. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधूनच. नुसते पेट्रोल घातले तरी यंत्र पहिली काही मिनिटे झकास चालते, म्हणून चालवणाऱ्याला शंका येत नाही. मग आवाज बदलतो आणि पिस्टन जाम होतो. फोर-स्ट्रोक यंत्रात उलटे घडते. तिथे कुणी प्रेमाने ऑइल मिसळून पेट्रोल ओतले की धुराने आवार भरते. यंत्राच्या पुस्तिकेत प्रमाण दिलेले असते. पंचवीसला एक असेल तर लिटरमागे ४० मिली ऑइल, पन्नासला एक असेल तर २० मिली. हा आकडा टाकीच्या झाकणावरच रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे यंत्र शेजारी नेले तरी आकडा सोबत जातो.

गेल्या हंगामातले पेट्रोल टाकीत राहिले असेल तर ते ओतून द्यावे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि खाडीकाठच्या या दमट हवेत ओलाव्याला तोटा नाही. टाकीच्या तळाशी पाणी बसले की कार्ब्युरेटर कुरकुरणारच.

पात्याच्या नटाची गोष्ट वेगळी. बहुतेक ग्रास कटरवर तो उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या सवयीने पाना डावीकडे फिरवणारा माणूस नट सोडवत नसतो, आवळत असतो. जोर वाढतो, पाना घसरतो, बोटे सोलतात. प्लगची टोपी काढावी, गिअरच्या भोकात खीळ घालून पाते अडवावे आणि नट उजवीकडे फिरवावा.

या यंत्रांचा जन्मही घरगुती खटाटोपातूनच झाला आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून १८३० मध्ये हिरवळ कापायचे यंत्र केले. सिडनीच्या मर्व्हिन रिचर्डसनने १९५२ मध्ये पीच फळांच्या रिकाम्या डब्याची पेट्रोल टाकी केली. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला १९७१ मध्ये गाडी धुणारे फिरते ब्रश पाहून नायलॉन दोरीच्या कटरची कल्पना सुचली, आणि त्याने भोके पाडलेल्या डब्यात मासेमारीची दोरी ओवून पाहिली.

ती दोरी दिसते निरुपद्रवी, पण खडा उडवते गोफणीसारखा. सोसायटीत त्याचा प्रसाद उभ्या गाडीच्या काचेला मिळतो. कापण्याआधी आवारात एक फेरी मारून दगड, बाटल्या, ठिबकच्या नळ्या आणि गवतात लोळणारी इंटरनेटची वायर बाजूला करावी. माणसे, मुले आणि कुत्री १५ मीटर लांब हवीत. डोळ्यांना चष्मा, पायांत गमबूट. विजेवरच्या यंत्राची वायर खांद्यावरून मागे टाकावी, कारण स्वतःचीच वायर कापणारे दर पावसाळ्यात निघतात. ओल्या गवतावर ते यंत्र चालवूच नये.

कोवळ्या कलमाच्या बाबतीत तर कळकळीने सांगायला हवे. दोरी बुंध्याला घासली की साल गोल सोलली जाते आणि झाड हळूहळू वाळते. मालक मात्र खोडकिडीचे औषध शोधत राहतो. बुंध्याभोवतीचे हातभर गवत विळ्यानेच काढावे.

पाठीवरच्या पंपाचेही तसेच. टू-फोर-डी फवारलेल्या पंपातून दुसऱ्या दिवशी जास्वंदीला खत दिले की पाने मुरडतात, आणि दोष खताच्या दुकानदाराला लागतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

श्रावणात नागपंचमीला विळी-कोयता न चालवण्याची रीत आहे. त्या दिवशी ग्रास कटरलाही सुट्टी द्यावी. एरवीही दाट गवतात आधी काठी आपटावी, कारण पाणी भरले की घोणस कोरड्या बांधावर येते.

आणि गणपतीच्या तोंडावर आवार चकाचक करताना एक कोपरा सोडावा. उत्साहाच्या भरात हरळी सपाट होते आणि चतुर्थीच्या सकाळी त्याच सोसायटीतले लोक दुर्वांच्या जुड्या विकत आणायला बाजारात जातात. तीन पानांचे कोवळे शेंडे हवे असतील तर कापणीनंतर दोन-तीन आठवडे त्या जागेला यंत्र लावू नये. चार काठ्या रोवून सुतळी बांधली की माळ्याला वेगळे सांगावे लागत नाही.