पाणी तोडण्याआधी तणाचा बंदोबस्त

भातखाचरात साचलेले पाणी पिकाची तहान भागवतेच, शिवाय तणाचे बी दाबून ठेवते. उगवण्यासाठी बियांना हवा लागते. दोन ते पाच सेंटीमीटर पाण्याखाली ती मिळत नाही आणि बहुतेक तणे मातीतच अडकून पडतात. त्याआधी चिखलणीने उगवलेले तण गाडलेले असते आणि तीन आठवड्यांचा तरवा लावल्यामुळे पीक तणाच्या पुढे असते. पाणी वाचवणाऱ्या कोणत्याही पद्धतीत या तिन्हींपैकी एखादा आधार सुटतो. तो सुटल्यावर काय करायचे, हे आधी ठरलेले नसेल तर पद्धत पहिल्याच हंगामात फसते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी भाताला पाण्याची चिंता आहेच. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की वरच्या अंगाची खाचरे लगेच कोरडी पडतात. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचा, भात तर वहाळाला बांध घालून अडवलेल्या पाण्यावरच येतो. त्यात घरातली तरुण माणसे मुंबईला गेलेली, लावणीला मजूर मिळत नाहीत. म्हणून धूळवाफेवरची पेरणी आणि चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळजवळ विकसित केलेले सगुणा राईस तंत्र यांकडे शेतकरी वळतात. इथेच गफलत होते. लावणीची मजुरी वाचली म्हणून समाधान मानले जाते आणि जुलैत तीच मजुरी बेणणीवर खर्च होते.

धूळवाफेत भात आणि तण एकाच पावसाने उगवतात. त्यामुळे मे महिन्यातला वळीव वाया घालवू नये. त्या ओलीवर तण उगवू द्यावे, माती खोल न उलटता ते वरच्यावर मोडावे आणि मग बी पेरावे. कोकणात वळीव आणि मृगाचा पाऊस यांत फार दिवस मिळत नाहीत. तरीही आठवडाभर थांबणे परवडते. खोल नांगरणी मात्र टाळावी, कारण तिने खालचे जुने बी वर येते. सगुणा तंत्रात गादीवाफे मोडत नाहीत, त्यामुळे हा फायदा आपोआप मिळतो. पेरणीपूर्वी ग्लायफोसेट मारण्याचा त्यातला प्रघात मात्र तपासून घ्यावा; केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत.

वायंगणी लावणीत पाणी आलटून-पालटून देता येते. तीस सेंटीमीटर लांबीची, खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडलेली नळी खाचरात अर्धी पुरावी. आतले पाणी जमिनीच्या खाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यावे. मात्र लावणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पाणी तोडू नये. बचतीची घाई याच दिवसांत महागात पडते. फुलोऱ्यातही खाचरात पाणी असावे.

तणनाशक हा या नियोजनाचा एक भाग आहे, पर्याय नव्हे. लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत प्रेटिलाक्लोर (५० टक्के) गुंठ्याला १५ मिलिलिटर देतात. पुढे तण दोन ते चार पानांवर असताना बिसपायरीबॅक सोडियम (१० टक्के) गुंठ्याला अडीच मिलिलिटर, पाच लिटर पाण्यातून फवारतात. हे दुसरे औषध पानांतून शोषले जाते. म्हणून आधी खाचरातले पाणी काढावे, तण उघडे पडू द्यावे आणि फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी घ्यावे. पाण्यात बुडालेल्या तणावर फवारणे म्हणजे पैसे वहाळात सोडणे. तण मोठे झाल्यावर मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही.

हाताने बेणताना सर्वांत जास्त चकवते ती पाखड. कोवळेपणी ती हुबेहूब भातासारखी दिसते, तरव्याच्या मुठीत येते आणि भाताच्याच चुडात लावली जाते. ओळखायची खूण पान आणि खोड जिथे जुळते तिथे आहे. पान हलकेच मागे वाकवले की भाताला तिथे पातळ पांढरट जीभ आणि बाजूला बारीक केसाळ कान दिसतात. पाखडीला दोन्ही नसतात. बेणणीला येणाऱ्या प्रत्येकाला ही खूण एकदा खाचरात उभे राहून दाखवावी. लावणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस पिकाला तणमुक्त लागतात. त्यानंतरची बेणणी बांधावरच्या माणसाला बरी दिसते, पण उतारा भरून काढत नाही.

देवभाताचे, म्हणजे रानटी भाताचे, दुखणे वेगळे. तो भाताचाच भाईबंद असल्यामुळे वरील दोन्ही औषधे त्याला पिकातून वेगळा काढू शकत नाहीत. सतत पेरणी केलेल्या खाचरात तो वाढत जातो. लांब कुसळाची लोंबी दिसताच, दाणा झडण्याआधी, झाड उपटावे. पुढच्या वर्षी तिथे पेरणी न करता ओळीत लावणी करावी, म्हणजे ओळीबाहेर उगवलेले झाड ओळखू येते. त्या खाचरातले भात बियाण्यासाठी ठेवू नये. उतारावर वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरते आणि बी त्याबरोबर वाहत येते, म्हणून तण काढण्याची सुरुवात वरच्या खाचरापासून आणि त्याच्या बांधांपासून करावी.