राजाबाई टॉवर आणि ३९ मिनिटांचे भांडण

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे गेलात की मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. उंची २८० फूट, म्हणजे साधारण ८५ मीटर. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. गंमत म्हणजे हे गृहस्थ भारतात कधी आलेच नाहीत, सगळे ड्रॉइंग लंडनमध्ये बसून केले! बांधकाम १८६९ ते १८७८ चालले. कापूस आणि शेअर बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी २ लाख रुपये दिले, अट एकच, टॉवरला आईचे नाव हवे. आई अंध होती आणि जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे, म्हणून तिला घंटेचा टोला ऐकू यावा, अशी गोष्ट सांगतात.

पण मला जास्त आवडतो तो या घड्याळाचा हट्ट. त्यासाठी थोडे गणित करू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे १ अंशाला ४ मिनिटे. मुंबईचे रेखांश सुमारे ७२° ५०'. आपली प्रमाणवेळ ८२° ३०' ची. फरक ९° ४०', गुणिले ४, झाली जवळजवळ ३९ मिनिटे. म्हणजे सूर्याच्या हिशोबाने मुंबई एवढी मागे. (मेसचा नाश्ता चुकवणाऱ्यांनी हे कारण रेक्टर सरांना सांगून पाहायला हरकत नाही.)

त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कामाला तीच वेळ लावली. लोक चिडले. नमाज, पूजा, बाजार, सगळे सूर्यावर चालणारे. वेळ दुसऱ्या शहराची का पाळायची? सरकारने विद्यापीठाला बजावले, टॉवरवर मद्रास वेळ दाखवा, नाहीतर रात्रीच्या दिव्यांचा खर्च मिळणार नाही. १८८३ मध्ये सिनेटने मुंबईची वेळच ठेवायचे ठरवले.

१९०६ साली देशाला प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिका काही ऐकेना. शहरात दोन वेळा नांदत होत्या, त्यामुळे भेट ठरवताना 'कुठल्या वेळेने?' हे विचारावेच लागे. पालिकेने प्रमाणवेळ घेतली ती थेट १९५५ मध्ये, इंग्रज जाऊन ८ वर्षे झाल्यावर.