मधपेटी घेताय? झाकण उघडून मोजा, मगच पैसे द्या

कांद्याचे बीजोत्पादन, सूर्यफूल, डाळिंब किंवा खरबुजासाठी मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या विकत वा भाड्याने घेणार असाल, तर पेटीवर भाव ठरवू नका. भरलेल्या फ्रेमवर ठरवा. दहा फ्रेमच्या पेटीत चारच भरलेल्या निघाल्या, तरी पैसे अख्ख्या पेटीचे जातात. आणि बीडच्या सीताफळासाठी कोणी पेट्या गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. त्याचे परागीभवन बारीक भुंगेरे करतात.

मोजायला खर्च जवळपास नाहीच. रिकाम्या फ्रेमला पाच-पाच सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या तारा बांधा. ही जाळी पोळ्यावर धरून चौकोन मोजा. एका चौकोनात कामकरी माश्यांची साधारण 100 घरे येतात. बदामी, किंचित फुगीर झाकणे म्हणजे बंद पिल्ले. पांढरट, सपाट झाकणे म्हणजे पिकलेला मध. उघड्या घरांत पिवळा-नारिंगी भरणा म्हणजे पराग. झाकण लागल्यापासून माशी बाहेर यायला 12 दिवस लागतात. म्हणून बंद पिल्लांचे 60 चौकोन भरले, तर 6,000 भागिले 12, राणी रोज सुमारे 500 अंडी घालते. ऊन पाठीवर घेऊन फ्रेम तिरपी धरा. घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी दिसली, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे फिरली आहे. कामकरी घरांवर विखुरलेली उंच घुमटी झाकणे दिसली तर ती पेटी फुकटही नको.

मोजणी सकाळी, ऊन तापण्याआधी करा. फ्रेम दोन मिनिटांत परत आत. फुलांच्या टंचाईत मध उघडा राहिला की दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात.

छुपा खर्च साखरेचा. मध भरलेली मेणबंद फ्रेम अडीच किलोच्या आसपास मध देते. असा साठा नसेल तर उन्हाळ्यात पाक पाजावाच लागतो. दहा पेट्या, पेटीला आठवड्याला एक किलो, आठ आठवडे: 80 किलो. 45 रुपये भावाने 3,600 रुपये. वाहतूक आणि चढ-उतार वेगळी. भाड्याच्या करारात साखर कोणाची आणि फवारणीने माश्या मेल्या तर भरपाई कोणाची, हे लिहूनच घ्या.

स्वतःच पाळणार असाल तर खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत 50 टक्के अनुदान, 50 टक्के तुमचे; प्रशिक्षण मोफत. बीडच्या जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. आधार, बँक पासबुक, शिक्षणाचा दाखला आणि सातबारा सोबत न्या. प्रशिक्षणाआधी व्यवसाय सुरू करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा.