टोमॅटोचा गर घरी टिकविणे

हंगामात टोमॅटोचे भाव कोसळले म्हणजे तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा वेळी शेतकरी कुटुंबाने घरापुरता गर करून ठेवावा.

पिकलेली, निरोगी फळे धुऊन चिरावीत, शिजवून चाळणीतून गाळावीत व गर दाट होईतो आटवावा. टोमॅटोची आम्लता कमी-अधिक असते. ती अपुरी पडल्यास बंद बरणीत विषारी जंतू वाढू शकतात. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत चहाचा पाव चमचा सायट्रिक आम्ल घालावे. स्वच्छ, गरम बरणीत कढत गर भरावा, वर अर्धा इंच जागा सोडावी व घट्ट झाकण लावून बरणी पूर्ण बुडेल अशा उकळत्या पाण्यात ४५ मिनिटे ठेवावी.

कांदा, लसूण व तेल वापरतेवेळीच घालावे. झाकण फुगलेली बरणी न चाखता टाकून द्यावी.