प्रकल्प सादर झाल्यानंतर

पावसाळा सुरू होऊन महाविद्यालयांचे वर्ग भरू लागले की आमच्या संस्थेच्या दप्तरात एका ठरावीक मायन्याची पत्रे येऊ लागतात. ‘आमचे विद्यार्थी आपल्या संस्थेसाठी प्रकल्प करू इच्छितात, तरी अनुमती द्यावी’ असा त्यांचा आशय असतो, खाली प्राध्यापकांची सही आणि शिक्का असतो, आणि बोईसरच्या आसपासच्या पाड्यांवर संध्याकाळचे अभ्यासवर्ग व एक लहानसे वाचनालय चालविणाऱ्या आमच्यासारख्या तुटपुंज्या संस्थेला कोणी तरुण हात आपणहून देऊ करतो, याचा आनंद होऊन उत्तर बहुधा त्याच दिवशी जाई. कार्यवाह या नात्याने ही उत्तरे बरीच वर्षे मीच लिहीत आले आहे. हल्ली मी ती जरा उशिरा लिहिते. तो उशीर का, हे इतर संस्थांच्या चालकांना आणि जमल्यास प्राध्यापकांनाही सांगावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

विद्यार्थ्यांनी समाजात जावे ही कल्पना नवी नव्हे. गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ साली ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि वर्षाला १२० तासांचा तिचा शिरस्ता आजही चालू आहे. पण ती मुले येत ती श्रमदानाला, बांध घालीत, विहिरीतला गाळ उपसत, आणि शिबिर संपले की बांध मागे ठेवून जात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभाग आणि क्षेत्रप्रकल्प हे अभ्यासक्रमाचेच अंग झाले व त्यांना श्रेयांक मिळू लागले. सेवेला गुण मिळावेत यात मला स्वतःला काही वावगे वाटत नाही. परंतु गुण आले की मुदत आली, मुदत आली की घाई आली, आणि त्या घाईची भरपाई ज्याला गुण मिळतात त्याच्याकडून होत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

एके वर्षी मुंबईकडच्या एका महाविद्यालयाची चार-पाच मुलेमुली ‘कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी’ करावयास आली. मुले गुणी होती, उन्हातान्हाची तक्रार न करता घरोघर हिंडली. प्रश्नावली मात्र वर्गात बसून तयार झालेली होती, आणि तीत घराखालची जागा कोणाच्या नावावर, वनहक्काचा दावा मंजूर आहे की प्रलंबित, आधार क्रमांक काय, असे प्रश्न ओळीने मांडलेले होते. आता हा मुलूख कोणता, याचा विचार तो कागद तयार करणाऱ्याने केला असता तर बरे झाले असते. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, ती आठवण किनाऱ्यावर अजून ताजी आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला व्हावयाचे असल्याने त्या मार्गासाठी जमिनी गेल्या. द्रुतगती महामार्गासाठी गेल्या. आणि ज्या वाढवण बंदराला मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला त्याची पायाभरणीही २०२४ च्या ऑगस्टात झाली. अशा ठिकाणी हातात कागद घेऊन आलेला अनोळखी मनुष्य जमिनीविषयी विचारू लागला म्हणजे लोकांच्या मनात एकच शब्द उभा राहतो, तो म्हणजे मोजणी. एका म्हातारीने दाराच्या चौकटीला हात लावून, मुलांना आत न घेताच, “मोजणीवाले का रे तुम्ही?” असे विचारले, आणि “नाही आजी, आम्ही कॉलेजचे” या उत्तराने तिचे समाधान झाल्याचे काही दिसले नाही.

काही दारे अशी बंद झाली. जी उघडली, तेथे निराळाच ग्रह झाला: नाव लिहून नेले, घराचा फोटो काढला, बोटाने फोनवर सही घेतली, त्याअर्थी घरकुलाची यादी होत असली पाहिजे. मुले अहवाल सादर करून पुढच्या सत्राला लागली, उत्तम श्रेणी मिळाल्याचे त्यांनी आम्हांला आवर्जून कळविले; आणि इकडे आमच्या वर्गावरच्या बाईंना, “ताई, तो फॉर्म भरला, त्याचं काय झालं?” हा तगादा पुढच्या पावसापर्यंत पुरला. ज्या घरांनी दारे लावून घेतली होती त्यांची मुले वर्गाला येईनाशी झाली, ती पुन्हा बसती करण्यात जे श्रम गेले त्यांची नोंद कोणत्याच अहवालात नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जुलैत आवणीची धांदल, ऑक्टोबरात कापणी, आणि दिवाळी उरकली की कित्येक कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती होळीला डोकावून पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. विद्यापीठाचे दुसरे सत्र नेमके याच महिन्यांत पडते. जानेवारीत आलेल्या एका गटाला पाड्यावर म्हातारी माणसे आणि कोंबड्या एवढेच भेटले, आणि ‘पालक मुलांच्या शिक्षणाविषयी उदासीन आहेत’ असा निष्कर्ष काढून तो गट परत गेला. याच जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर, मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेण्याची कुरणशाळा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काढली होती. त्या दोघींनी मुलांच्या वेळापत्रकापुढे शाळेचे वेळापत्रक वाकविले. आमच्या वाट्याला येणाऱ्या प्रकल्पात नेमके उलटे होते.

तिसरा प्रकार संगणकाचा, तो थोडक्यात सांगते. एका हुशार मुलाने देणगीदारांची नोंद आणि पावत्या यांसाठी सुबक व्यवस्था करून दिली, आणि तिचा पासवर्ड स्वतःच्या ईमेलवर ठेवून तो पदवीनंतर बंगळुरूस गेला. ३१ मार्च उलटला, हिशेबतपासनीस नोंदी मागू लागले, आणि सार्वजनिक न्यासाच्या कायद्याला विद्यार्थ्याचा नवा फोन क्रमांक न सापडणे ही सबब चालत नाही. अखेर जुन्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत काढून सारे हाताने उतरवून घेतले. मुलाचा मी राग केला नाही. त्याला कोणी सुपूर्दनामा मागितलाच नव्हता.

म्हणून आता उत्तर देण्यापूर्वी प्राध्यापकांकडे आम्ही काही गोष्टींची कबुली मागतो. प्रश्नावली आधी आमच्या वर्गाच्या बाईंनी वाचावयाची, आणि जमीन, जात, आधार यांविषयीचा जो प्रश्न पाहणीच्या कामाचा नाही तो त्यांनी खोडला तर खोडलेलाच राहावयाचा. पाड्यावर प्रथम जाताना आमचे माणूस बरोबर असावयाचे, आणि हे सरकारी काम नव्हे, यातून कोणालाही काही मिळणार नाही, हे वाक्य विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावयाचे. ते म्हणताना मुले अवघडतात, पण त्याने पुढचा तगादा वाचतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगतो. आम्ही मुलांची छायाचित्रे मुळीच काढू देत नाही, कारण कायद्यापेक्षाही त्यांच्या आयांच्या कपाळावरची आठी मला अधिक दिसते. संगणकावरचे काही केलेच, तर खाते संस्थेच्या नावाने, कृती मराठीत कागदावर लिहिलेली, आणि आमच्या कारकुनाने ती विद्यार्थ्याच्या मदतीवाचून एकदा चालवून दाखविल्याखेरीज पूर्णतेचा दाखला नाही. निष्कर्ष काढले असतील तर ते परीक्षकांकडे जाण्यापूर्वी पाड्यावर वाचून दाखवावयाचे. ही शेवटची अट ऐकून काही महाविद्यालयांचा पत्रव्यवहार थांबतो, थांबू द्यावा.

कोणते काम द्यावे, हेही संस्थेनेच ठरवावे, कारण विद्यार्थ्याला संस्थेची नड ठाऊक नसते आणि संकोचाने आपण ती सांगत नाही. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी, ओल लागलेल्या इतिवृत्तांची स्वच्छ नक्कल, पोरांना आवडलेल्या पुस्तकांच्या फाटक्या पाठी शिवणे, ही कामे दिसावयास क्षुद्र असतात; पण ती मुदतीत पुरी होतात आणि विद्यार्थी गेल्यावरही उपयोगी पडतात. गेल्या खेपेस एका मुलीने वाचनालयाची यादी करताना, सर्वांत अधिक वेळा नेलेले पुस्तक कोणते, हे देवघेवीच्या वहीवरून आपणहून शोधले. ते निघाले शिवणकामाचे, आणि नेणाऱ्या होत्या वर्गातल्या मुलांच्या आया. त्या यादीवरून आम्ही पुढची खरेदी केली.

पत्र पाठवावयाचेच असेल तर ते उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवावे. मे महिन्यात आम्हांला सवड असते, प्राध्यापकांनाही असते, आणि भट्टीवरून कुटुंबे परतू लागली की एक संध्याकाळ प्राध्यापकांनी स्वतः पाड्यावर येऊन बसावे. बोईसर स्थानकापासून रिक्षा मिळते.