पाऊस पडला की काटा बंद

कारखान्याच्या फाइलमध्ये एक पानी अहवाल लागलेला आहे. त्यात ‘मूळ कारण’ या रकान्यात लिहिलंय: ‘स्थानिक सिस्टीम ॲडमिनने सर्व्हर अयोग्य पद्धतीने सुरू केला.’ स्थानिक सिस्टीम ॲडमिन म्हणजे मी. आणि अहवाल लिहिणारी मंडळी कोण, तर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं तीच. आरोपीनेच पंचनामा करायचा, असला प्रकार. मी तेव्हाच लेखी उत्तर दिलं होतं, पण ते काही फाइलला लागलं नाही. म्हणून इथे लिहितो. माझी भडास निघेल, आणि जावाच्या आरएमआयवर (दुसऱ्या मशिनवरच्या ऑब्जेक्टला हाक मारायची सोय) उभी असलेली जुनी सिस्टीम ज्यांच्या गळ्यात पडली आहे त्यांच्या चार रात्री वाचतील.

साखर कारखान्यात काटा बंद पडणं म्हणजे काय, हे शहरात बसून कोड लिहिणाऱ्याला सांगून कळत नाही. केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, आणि ज्याचा ऊस तो शेतकरी काट्याच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. काटामारीचा संशय त्याच्या मनात आधीपासूनच असतो. त्याला ‘सर्व्हर एरर’ सांगून बघा.

मूळ सिस्टीम ॲक्टिव्हेशनवर चालायची. जावा १.२ बरोबर, १९९८ च्या डिसेंबरात आलेली ही सोय. रिमोट ऑब्जेक्ट सतत मेमरीत बसवून ठेवायचा नाही. आरएमआयडी नावाचा एक प्रोग्राम रात्रपाळीच्या वॉचमनसारखा १०९८ पोर्टवर बसलेला असतो. कोणी हाक मारली की तो वेगळी जेव्हीएम उठवतो, तिच्यात ऑब्जेक्ट तयार होतो आणि काम सुरू. क्लायंटच्या हातातल्या स्टबमध्ये, म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टच्या प्रतिनिधीत, ऑब्जेक्टचा पत्ता असतोच, शिवाय तो त्या पत्त्यावर सापडला नाही तर कोणाला उठवायचं हेही असतं. मेमरी महाग होती त्या काळात हे फारच हुशारीचं वाटलं असणार. मला अजूनही वाटतं.

पण वॉचमनची नोंदवही असते. कोणता ऑब्जेक्ट, कोणत्या क्लासचा, कोणत्या ग्रुपमध्ये उठवायचा, हे सगळं आरएमआयडी ‘लॉग’ नावाच्या डिरेक्टरीत लिहून ठेवतो. ती डिरेक्टरी कुठे? तुम्ही सांगितलं नाही, तर आरएमआयडी ज्या डिरेक्टरीत उभं राहून सुरू केला तिथे. सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये या विषयावर एकच वाक्य होतं: ‘आरएमआयडी सुरू करावा.’ आधी त्यांचा इंजिनियर स्वतःच्या लॉगिनमधून, स्वतःच्या होम डिरेक्टरीतून तो हाताने सुरू करायचा. नंतर त्यानेच बूटच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, लॉगचा पर्याय न देता, आणि नोकरी बदलून गेला. सर्व्हर सुरू करायची पूर्ण पद्धत लेखी द्या, अशी मेल मी हंगामाच्या आधी केली होती. उत्तर आलं नाही. ती मेल माझ्याकडे आहे.

ऐन गाळपात एका रात्री टर्बाइन ट्रिप झालं आणि सर्व्हरच्या यूपीएसने मान टाकली. वीज आली, सर्व्हर उठला, मी मॅन्युअलमध्ये होतं तेवढं सगळं तपासलं. आरएमआयडी चालू. काट्यांवरचे पीसी त्यांच्या छोट्या यूपीएसवर तगून होते, हातात जुने स्टब घेऊन. पहिल्या गाडीचं वजन पाठवलं तर सर्व्हरकडून उत्तर आलं की असा ऑब्जेक्ट नोंदलेलाच नाही. फोन लावला. पलीकडचे सर म्हणाले, ‘आमच्या मशिनवर चालतंय.’ मग म्हणाले, ‘तुम्ही काहीतरी बदललं असणार, आठवून बघा.’ आठवून बघा! जणू मी रात्री दोन वाजता गंमत म्हणून सर्व्हरशी खेळत होतो.

शेवटी ‘लॉग’ नावाच्या डिरेक्टऱ्या शोधल्या. दोन सापडल्या. एक त्या गेलेल्या इंजिनियरच्या होममध्ये, जुन्या तारखेची, भरलेली. दुसरी थेट रूटवर, वीज आल्याच्या मिनिटाची, जवळपास रिकामी. बूट स्क्रिप्टने आरएमआयडी रूटमधून सुरू केला होता, त्याला तिथे वही दिसली नाही, म्हणून त्याने निमूटपणे नवी कोरी वही उघडली. ना तक्रार, ना इशारा. मी आरएमआयडी थांबवला आणि जुन्या लॉगचा पूर्ण पत्ता देऊन सुरू केला. केनयार्डातल्या एकाही पीसीला हात लावावा लागला नाही. जुन्याच स्टबवरून हाक गेली, ऑब्जेक्ट उठला, प्रिंटरमधून स्लिप बाहेर आली. सर्व्हर ‘अयोग्य पद्धतीने’ कोणी सुरू केला होता, याचा एवढा सरळ पुरावा हातात असूनही अहवालात काय आलं ते वर सांगितलंच.

तेव्हा पहिली गोष्ट. अजून ॲक्टिव्हेशनवर असाल तर आरएमआयडीला लॉगचा पूर्ण पत्ता द्या, ती डिरेक्टरी बॅकअपमध्ये घ्या, आणि मुद्दाम एकदा रीबूट करून बघा, हंगाम नसताना. नावावरून स्टब शोधून देणारी रजिस्ट्री मात्र वेगळी. तिच्याकडे वहीच नसते. ती बंद पडली की त्यात बांधलेली सगळी नावं गेली. नावं पुन्हा बांधणारा प्रोग्राम बूटला जोडलेला हवा. आणि जे मागाल ते लेखी मागा. हे कुठल्याही धंद्यात खरं आहे, मला माहीत आहे, तरी सांगतो.

दुसरा अंक जास्त रंगतदार आहे.

ॲक्टिव्हेशन जावातून गेलं. २०२० च्या सप्टेंबरात जावा १५ मध्ये ते काढून टाकणार असं जाहीर झालं, २०२१ च्या सप्टेंबरात जावा १७ मधून ते काढलंच. बाकीचं आरएमआय जागेवर आहे. ऑडिटवाल्यांनी जुन्या जावावर शेरा मारला, म्हणून कंपनीने सिस्टीम जावा १७ वर आणली आणि त्याचे वेगळे पैसे लावले. नव्या आवृत्तीत वॉचमन नाही. सर्व्हर सुरू होताना ऑब्जेक्ट एकदाच एक्स्पोर्ट करायचा, त्याच जेव्हीएममध्ये रजिस्ट्री उघडायची, तिच्यात स्टब बांधायचा. ऐकायला सोपं.

पहिल्याच दिवशी काट्यांवर ‘नेटवर्क एरर’. नव्या लिनक्सच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरच्या नावापुढे १२७.०.१.१ होतं, स्टबने तोच पत्ता उचलला, आणि काट्यावरचा पीसी सर्व्हर म्हणून स्वतःलाच शोधत बसला. स्टबमधला पत्ता एक्स्पोर्ट करणारी बाजू ठरवते, क्लायंट नाही. जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम ही प्रॉपर्टी सर्व्हर सुरू करतानाच द्या, विषय संपला. तसंच एक्स्पोर्ट करताना पोर्टच्या जागी शून्य टाकलं तर दर वेळी वेगळा पोर्ट मिळतो आणि फायरवॉलवाला वैतागतो. तिथे ठरावीक आकडा टाका. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी केलं, आभार वगैरे नाहीत.

मग अवकाळी पाऊस झाला. शेतात चिखल, गाड्या बाहेर निघेनात, ऊस येईना, काटे बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी उघडीप. काटा क्लार्कने पीसी चालू केला, पहिली गाडी काट्यावर घेतली, आणि ‘नेटवर्क एरर’. सर्व्हर रीस्टार्ट केला की चालू. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. कंपनीच्या सरांचं निदान तयार होतं: ‘केबलमध्ये पाणी जातंय. तुमचं नेटवर्क तपासा.’ शेतकी अधिकाऱ्यांना ते पटलं, एमडी साहेबांनाही पटलं. पाऊस पडला की बिघडतं म्हटल्यावर कोणालाही पटेल. यार्डातली केबल बदलून झाली. त्याचा खर्च कोणाच्या खात्यात, विचारू नका.

मला खटकत होतं ते वेगळंच. पिंग जात होतं. रजिस्ट्रीत नाव शोधलं तर सापडत होतं, स्टबही मिळत होता. फक्त त्या स्टबवर हाक मारली की एरर. केबलमध्ये पाणी गेलं तर शोधणं चालेल आणि बोलणं बंद पडेल, असं होत नाही. क्लायंटच्या कोडमध्ये रिमोट एक्सेप्शनचे सगळे प्रकार एकाच कॅचमध्ये पकडून पडद्यावर ‘नेटवर्क एरर’ एवढंच छापलेलं होतं. खरा मजकूर लॉग फाइलमध्येही लिहिलेला नाही. मी लहानसा चाचणी प्रोग्राम लिहून तीच हाक मारली, तेव्हा खरं नाव दिसलं: नो सच ऑब्जेक्ट, टेबलात असा ऑब्जेक्ट नाही.

लोकल आणि रिमोट ऑब्जेक्ट एकसारखे समजू नका, असं सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो, ॲन वोलरॅथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलंय. याच वोलरॅथबाईंचा पुढे आरएमआयच्या रचनेत मोठा वाटा होता. प्रत्येक रिमोट मेथडला रिमोट एक्सेप्शन जाहीर करायला लावलं, ते माणसाने थांबून विचार करावा म्हणून. आमच्या कंपनीने विचार न करण्याची सोय शोधून काढली.

सोर्स मागितला. ‘ती आमची मालमत्ता आहे.’ बरं. जार फाइल तर माझ्याच सर्व्हरवर होती. जावापी लावून मेन मेथडचा बाइटकोड काढला. ऑब्जेक्ट तयार केला, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला. एक्स्पोर्टऑब्जेक्ट. बाइंड. रिटर्न. तो ऑब्जेक्ट कुठल्याही फील्डमध्ये साठवणारी ‘पुटस्टॅटिक’ची ओळ वरपासून खालपर्यंत कुठेच नाही. तिथेच सगळं उलगडलं.

एक्स्पोर्ट केलेला ऑब्जेक्ट आरएमआय स्वतः धरून ठेवत नाही. त्याच्या टेबलात फक्त वीक रेफरन्स असतो. क्लायंट जोडलेले असतात तोवर ते आपापली लीज, म्हणजे ऑब्जेक्ट वापरात असल्याची मुदत, वाढवत राहतात आणि तेवढ्यापुरता ऑब्जेक्ट पक्का धरला जातो. लीज मुळात दहा मिनिटांची. सगळे पीसी बंद झाले की शेवटची लीज संपते. आरएमआय स्वतःहूनही साधारण तासाभरात एकदा मेमरीतला कचरा गोळा (जीसी) करवतं, त्या फेरीत ऑब्जेक्ट गेला. रजिस्ट्री त्याच जेव्हीएममध्ये, आणि तिच्याकडे नुसता स्टब; स्टब काही मूळ ऑब्जेक्टला जिवंत ठेवत नाही. रजिस्ट्री वेगळ्या जेव्हीएममध्ये असती तर तीच एक क्लायंट ठरून लीज वाढवत बसली असती आणि हे दिसलंच नसतं. चहाच्या सुट्टीत बिघडत नव्हतं, पावसाने काटे रात्रभर बंद राहिले की बिघडत होतं, ते यामुळे. पूर्वी ऑब्जेक्ट मेला तरी आरएमआयडी त्याला पुन्हा उठवत असे. वॉचमन काढून टाकला, पण त्याचं काम आता कोण करणार हे कोणीच ठरवलं नाही.

एमडी साहेबांसमोर करून दाखवलं. लख्ख ऊन. काटे बंद करायला लावले, लीज संपेपर्यंत चहा झाला, मग जेसीएमडीने सर्व्हरवर जीसी चालवला आणि काटा चालू करायला सांगितलं. ‘नेटवर्क एरर’. फोनवर सर होतेच. म्हणाले, ‘जीसी असा हाताने चालवणं धोकादायक असतं, हे तुम्ही करायला नको होतं.’ एमडी साहेब माझ्याकडे बघून हसले, पण बोलले काही नाहीत.

पुढची आवृत्ती आली. सोबतच्या पत्रकात ‘स्थिरता व परफॉर्मन्स सुधारणा’. पुन्हा जावापी लावलं. एक्स्पोर्टच्या आधी एक पुटस्टॅटिक. त्यानंतर पावसाने काटा बंद पडलेला नाही.

तुमच्याकडे असलं काही असेल तर: एक्स्पोर्ट केलेला ऑब्जेक्ट स्टॅटिक फील्डमध्ये धरा. सर्व्हर बंद करताना आठवणीने अनएक्स्पोर्ट करा. रिमोट एक्सेप्शनचा प्रकार आणि पूर्ण स्टॅक ट्रेस लॉगमध्ये लिहा. काटा क्लार्कला काय दाखवायचं ते वेगळं ठरवा. चाचणी घेताना सगळे क्लायंट बंद करा, लीज संपू द्या, जीसी चालवा, मग हाक मारा. जुन्या जावावर असाल आणि कोडबेसवरून क्लास उतरवत असाल, तर ७ च्या एकविसाव्या अपडेटपासून ते मूळ सेटिंगमध्ये बंद आहे हे लक्षात ठेवा. शिवाय डिरेक्टरीचा कोडबेस असेल तर शेवटचा तिरका दंड विसरू नका. देखभालीच्या करारात सोर्स बघायचा हक्क लिहून घ्या. आम्हाला तो मिळालेला नाही, करार मात्र पुढच्या हंगामासाठी वाढवून झालाय, त्याच कंपनीशी.

आता त्यांची नवी मागणी आलीये: लांबून सपोर्ट देता यावा म्हणून १०९९ पोर्ट इंटरनेटवर उघडा. आरएमआयवरून सीरियलाइझ केलेले जावा ऑब्जेक्ट येतात, आणि बाहेरच्या कोणाचेही असले ऑब्जेक्ट उघडणं हा घरात शिरायचा जुना रस्ता आहे. २०१७ च्या जानेवारीत जावा ८ च्या अपडेट १२१ मध्ये रजिस्ट्रीला फिल्टर बसवला तो याच कारणाने, आणि तो रजिस्ट्री आणि आरएमआयच्या लीज सांभाळणाऱ्या यंत्रणेपुरताच. त्यांच्या स्वतःच्या ऑब्जेक्टवर फिल्टर त्यांनीच बसवायचा असतो. बसवलेला नाही. मी व्हीपीएन देतो म्हणालो. ‘त्याने आमचं काम अडतं,’ असं उत्तर आलं. पोर्ट उघडणार नाही हे मी लेखी कळवलंय, आणि या वेळी प्रत फाइलला लावून आवक क्रमांक घेतलाय.