अंक निराळे, ताप एकच

काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला रात्री ताप भरला. तापमापीवर ३९ दिसले. तोच आकडा मी दूरध्वनीवरून त्याच्या वडिलांना कळविला. ‘शंभराच्या आतच आहे ना, सर? मग काळजी नाही,’ ते म्हणाले. तापमापी सेल्सिअसची होती, त्यांच्या मनातील शंभर मात्र फॅरनहाइटचा. मुलाला १०२.२ अंश ताप होता! चूक त्यांची नव्हती. आकड्यासोबत एकक न सांगणाऱ्या माझी होती.

मी इतिहासाचा शिक्षक. म्हणून हे गणित मी सनावळीच्या आधारे समजावतो.

शके १८६९ मध्ये ७८ मिळविले, की इसवी सन १९४७ येते. दोन्हींचे वर्ष साधारण सारखेच, आरंभ तेवढा वेगळा. सेल्सिअस आणि केल्विन यांचे नाते असेच आहे. केल्विनचा शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसवर आहे. त्याहून खाली तापमान जाऊच शकत नाही. म्हणून सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवावेत. निरोगी शरीराचे ३७ अंश म्हणजे ३१०.१५ केल्विन.

हिजरी सनाचे तसे नाही. त्याचा आरंभही वेगळा आणि चांद्रवर्षही लहान. तेथे केवळ बेरीज पुरत नाही. फॅरनहाइटचेही तसेच. पाणी सेल्सिअसच्या ० अंशावर गोठते व १०० वर उकळते. फॅरनहाइटमध्ये ३२ वर गोठते व २१२ वर उकळते. एकाच अंतराचे तेथे १०० भाग, येथे १८०. हे प्रमाण ५ : ९. म्हणून सेल्सिअसला ९ ने गुणावे, ५ ने भागावे, मग ३२ मिळवावेत.

३९ × ९ = ३५१; ३५१ ÷ ५ = ७०.२, ७०.२ + ३२ = १०२.२.

उलट जाताना आधी ३२ वजा करावेत, मग ५ ने गुणून ९ ने भागावे. श्रीगोंद्याच्या वैशाखातील ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट.

एक सावधगिरी हवी. ताप २ अंश सेल्सिअसने उतरला, तर फॅरनहाइटमध्ये तो ३.६ अंशांनी उतरतो. फरक मोजताना ३२ मिळवायचे नसतात. ते आरंभबिंदूचे आहेत, अंतराचे नव्हेत.

१७४२ मध्ये स्वतः अँडर्स सेल्सिअसने उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० मानले होते. पुढे तो क्रम उलटविण्यात आला. मापे माणसाने ठरविलेली असतात, माणूस ती तपासून बदलूही शकतो. म्हणून पालकहो, आकडा ऐकताच प्रथम विचारा: कोणत्या मापाने?